काटा, सुई आणि माझे तीक्ष्ण कान

माझे कान जन्मतःच तीक्ष्ण आहेत, असं मी धाराशिवात बऱ्याच लोकांना सांगून ठेवलं होतं. दुर्दैवानं त्यांत माझी बायकोही होती.

तिला हवं होतं शिलाई मशीन. मी सोलापूरहून आणला विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर!

"मशीन आणा म्हनलं, तर ह्ये गाणारं खोकं आणलंय!" बायको माकणी गावची लेक; बोलताना हातचं राखत नाही.

त्यात शेजारचे करीमचाचा आपला निजामाच्या राज्यातला भोंग्याचा ग्रामोफोन बगलेत मारून हजर झाले. तो चावीवर चाले. सुया मिळेनाशा झाल्या, तेव्हापासून चाचा त्याला बाभळीचा काटा तासून लावत. (ज्यानं पाय रक्तबंबाळ होतो, त्यानं म्हणे कान तृप्त होतात!)

"मियाँ, काट्यात गोडवा हाय," चाचा म्हणाले. "तुमचं यंत्र लई कोरडं गातं."

"काहीतरीच! जमीन-अस्मानाचा फरक आहे. डोळे बांधून ओळखीन!"

"आन न्हाय ओळखलं तर?" बायकोनं विचारलं.

"तर प्लेअर सोलापूरला परत, आणि तुझं मशीन घरात!"

यावर ती इतकी गोड हसली, की मला तिथंच संशय आला. मी कचेरीत अर्जांची छाननी करणारा कारकून. समोरचा लबाडच आहे असं धरूनच आम्ही टाक दौतीत बुडवतो. मी कडक अटी घातल्या. तबकडी एकच, तीच दोन्हींवर लावायची. मी भिंतीकडे तोंड करून बसणार, डोळ्यांना पंचा. आणि कुणी अवाक्षर काढायचं नाही!

दुपारच्या चहानंतर मी पंचा बांधून बसलो. गाणं सुरू झालं.

"हा चाचांचा डबा!" मी दोन ओळींतच सांगितलं. "रॉकेलच्या पिपात बसून कुणी रडतंय जणू. काटा खरवडतोय नुसता!"

"बराबर," चाचा जरा दुखावून म्हणाले.

मग कुजबुज. माझे कान टवकारले.

"अवो, जरा ऐका. लाईट..."

"चूप! इशारे नकोत!"

"अरे भाई, तिचं ऐक तरी..."

"चाचा, तुम्हीसुद्धा तिला फितूर? आता बोललात तर मी जिंकलो असं धरीन!"

पुन्हा कुजबुज. मग स्पष्ट खर्र, खर्र, खर्र. चावी फिरत होती!

मी मनात हसलो. मला चकवायला मुद्दाम चावी फिरवतात काय? म्हणजे आता वाजणार तो नक्की माझा प्लेअर!

गाणं सुरू झालं आणि मी डोलू लागलो.

"वा! याला म्हणतात सुई! तबल्यावरचं एकेक बोट मोजून घ्या. गाणाऱ्या बाईंनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतोय. मघाचं पीप कुठं, आणि हे कुठं!"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पंचा ओढून काढला.

भोंग्याचा ग्रामोफोन गात होता. माझ्या प्लेअरचं झाकण बंद होतं आणि त्यावर चाचांची कपबशी होती.

"लाईट गेलीय," बायको म्हणाली. "तुमी पंचा बांधला तवाच. दोन्ही येळेला चाचांचाच वाजला. सांगत व्हतो की आमी!"

माझा विश्वास बसेना. मी बटणं दाबली, शेजारच्या घरात डोकावलो, बाहेर जाऊन खांबावरच्या तारांकडेही संशयानं पाहिलं. लाईट खरोखरच नव्हती.

"मियाँ," चाचा कपबशी उचलत म्हणाले, "माझ्या काट्याची एवढी तारीफ आजवर कुनी केली न्हवती!"

आता घरात शिलाई मशीन आहे. ते पायानं चालतं. लाईट गेली तरी थांबत नाही. अधूनमधून बायको आतून ओरडते, "ओळखा बघू, काय वाजतंय?"

मी आधी उठून बघून येतो.