शेजारणीची रायफल

आयर्लंडमध्ये ॲथलोनच्या बाहेर आम्ही राहतो तिथे घरामागे शेजारणीचं कुरण आहे आणि कुरणापलीकडे सरकारी रान. हिवाळ्यात धुकं इतकं खाली उतरतं की तिच्या मेंढ्या पाय नसल्यासारख्या तरंगताना दिसतात. अशाच एका धुकट शनिवारी मी ओल्या गवतावर गुडघे टेकून तिच्या रायफलकडे बघत होतो. आजही तो दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखा आठवतो.

शेजारीण साठीच्या पुढची. नवरा गेल्यापासून एकटीच असते, मेंढ्या पाळते आणि परवाना घेऊन हरणाची शिकार करते. एका गोळीत प्राणी जागीच पडला पाहिजे, खात्री नसेल तर बंदूक उचलायचीच नाही, अशी तिची शिस्त. पण त्या ऑक्टोबरमध्ये एक नर तिच्या गोळीने नुसता जखमी झाला आणि मागचा पाय ओढत रानात शिरला. अंधार पडेपर्यंत तिने शोधला. सापडला नाही. मग एक दिवस कुंपणापाशी मला म्हणाली, "रायफल देऊन टाकते. हात थरथरायला लागलेत माझे."

बोलताना ती हातांकडे असं बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. मला राहवलं नाही. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. काही बिघडलं की आधी माणसाला दोष देऊ नये, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी, एवढंच मला येतं. तसं तिला सांगितलं.

"बंदूक धरली आहेस कधी?"

"नाही."

"मांस खातोस?"

"नाही."

"ग्रँड. याहून चांगला मेकॅनिक मला कुठे मिळणार."

कुरणाच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे. त्याच्यासमोर कागद लावून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून ती पडून गोळ्या झाडत होती. भोकं कागदभर विखुरली होती. आम्ही रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू तपासले, घट्ट होते. गोळ्या बदलल्या, फरक नाही. नळी आतून साफ केली, तरी तेच. तिचा चेहरा दर वेळी थोडा मिटत गेला.

नळी पुढच्या भागात लाकडाला टेकता कामा नये, मध्ये बारीक फट लागते, नाहीतर नेम चुकतो, हे मी आदल्या दिवशी वाचलं होतं. गोळी सुटू नये म्हणून रायफलचा बोल्ट काढून खिशात टाकून ती नवा कागद लावायला गेली, तेव्हा मी त्या फटीतून कागदाची पट्टी सरकवत नेली. मध्येच ती अडली. काडीने टोकरलं तर तांदळाचा एक दाणा बाहेर आला. लाल.

त्या शिकारीच्या थोडं आधी, खंडेनवमीला आई नागपूरहून आलेली होती. शेजारणीकडे बंदूक आहे हे कळल्यावर म्हणाली, "हत्यार आहे न तिच्या घरी? मंग त्याची पूजा कोन करन?" शेजारणीला गंमत वाटली. तिने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकामी रायफल ठेवली. आईने दस्त्याला कुंकवाचं बोट लावलं. मी मात्र भारावून ओल्या अक्षता मूठभर उधळल्या. "दोन दाने पुरे, भात लावतं का," आई म्हणाली होती.

शेजारीण परत येत होती. दाणा माझ्या खिशात गेला.

"कचरा अडकला होता," मी म्हणालो.

ती पुन्हा आडवी झाली. या वेळी तिन्ही भोकं अंगठ्याखाली झाकतील इतकी जवळ पडली. मला वाटलं, आता हसेल. ती दस्त्याला गाल लावून तशीच पडून राहिली.

"म्हणजे हात ठीक आहेत," ती म्हणाली. "मीच नीट पुसली नाही. माझ्या आळसापायी ते हरीण तडफडलं."

गप्प बसणं सोपं होतं. आईची पूजा, असं म्हणणं त्याहून सोपं होतं. मी दाणा काढून तिच्यासमोर धरला आणि सांगितलं, "या अक्षता मी टाकल्या होत्या. आईने नाही."

तिने दाणा माझ्या हातातून घेतला.

"दर वर्षी पहिल्या शिकारीआधी मी कागदावर गोळ्या झाडून बघते," ती म्हणाली. "यंदा नाही बघितलं. तुझ्या आईने कुंकू लावलं, मला वाटलं, आता कशाला."

"मग चूक कुणाची?"

"हरणाला विचारावं लागेल." मग उठता उठता म्हणाली, "आईला कळवू नकोस."

रायफल तिने दिली नाही. ते हरीण जिवंत असेल तर लंगडत असेल, त्याला वेदनेतून सोडवायला कुणीतरी हवं, असं तिचं म्हणणं. म्हणून आता शनिवारी मीही तिच्यामागे रानात जातो. शेवाळावर पावलं वाजत नाहीत. मुंगी दिसली तरी पाय उचलून टाकणारा मी, ते हरीण सापडावं म्हणून मनात प्रार्थना करतो आणि लगेच सापडू नये म्हणूनही. पुढे ती हात वर करून थांबते. मी थांबतो. खोडांमध्ये काहीतरी हललेलं असतं. आम्ही श्वास धरून बघत राहतो, ते धुकं निघतं, आणि ती पुन्हा चालू लागते.