गिनती माझी होती

तीन वाजून पन्नास मिनिटं. मॅडम छातीभर पाण्यात उभ्या होत्या. एका हातात बोटीचा दोर, दुसरा हात मातीच्या भिंतीला. वर छपराच्या कवेलूंवर एक बाई बसली होती, पोटाशी दोन महिन्यांचं पोर बांधलेलं. बोटीच्या इंजिनात गवत अडकून ते बंद पडलं होतं. चार वाजता धरणाचे गेट उघडणार होते.

"पहले बच्चा दो," मॅडम म्हणाल्या. बाई हलली नाही.

"दीदी, तुम बोलो इसको."

मी बोटीत उभी राहिले आणि हात वर केले.

हे आता लिहायचं कारण माझी नात. ती रायपूरला कॉलेजात जाते, रोज बीरगावहून बसने. तिला एका जुन्या कादंबरीतल्या तरुण सरदाराचा स्वभाव लिहून द्यायचा आहे. मी चौथी पास. ते पुस्तक तिनेच मला वाचून दाखवलं. सरदार वीस-बावीस वर्षांचा. वेढ्यातून माणसं बाहेर काढतो, सगळे आले असं समजून पूल तोडतो, आणि काही जण पलीकडेच राहतात. मग तो एकटा परत जातो.

"गाइड में लिखा है, शूर पण उतावळा," नात म्हणाली.

"गाइडवाला कधी बोटीत बसला होता का?"

"आजी, मार्क गाइडप्रमाणे लिहिलं तरच मिळतात."

मी होमगार्डच्या महिला प्लाटूनमध्ये एकवीस वर्षं काढली. आमच्या प्लाटून कमांडर मॅडम चोवीस वर्षांच्या होत्या, शहरात वाढलेल्या. पोट्टीच. पण पहाटे पाचच्या परेडला त्या आमच्याआधी मैदानावर असायच्या, आणि आम्ही जेवल्याशिवाय ताट घेत नव्हत्या. उतावळ्या अजिबात नव्हत्या.

त्या दिवशी पूर ड्यूटी होती. बोट एक, चालवायला नाईक सोनवानी, बसायला दहा माणसं. बांधापासून गाव वीस मिनिटांवर. सकाळपासून पाच फेऱ्या झाल्या. दोन चाळीसला शेवटचं घर घेतलं. म्हातारा, म्हातारी, त्यांचा थोरला मुलगा, आणि शेजारचे पाच जण. मॅडमनी विचारलं, "कोई छूटा तो नहीं?"

थोरला म्हणाला, "हव साहेब, जम्मो झन आ गेन." हो साहेब, सगळे आलो.

आमच्याकडे वर्दीने विचारलं की लोक हव म्हणतात. काहीही विचारा. हे मला माहीत होतं, मॅडमना नव्हतं. आणखी एक गोष्ट मला माहीत होती. सकाळच्या फेरीत त्याच घराच्या ओसरीत दोरीवर मी लंगोट पाहिले होते. बोटीत लंगोटातलं मूल नव्हतं.

मी बोलले नाही. पब्लिकसमोर साहेबाला टोकायचं नाही, हे पहिल्या दिवसापासून अंगात भिनलेलं. वाटलं, बांधावर पोचल्यावर हळूच सांगू.

तीन वाजता बांधावर उतरलो. मी तोंड उघडायच्या आत म्हातारीच मॅडमच्या कानाशी बोलली, "बहू पटाव म हे. लइका संग." धाकटी सून माळ्यावर होती, लेकरासोबत. त्या घरात थोरल्या दिराचं अंग भावजयीला लागू देत नाहीत. भरलेल्या बोटीत मांडीला मांडी लागते. म्हणून ती आपणच मागे राहिली, पुढच्या फेरीला येते म्हणाली. पुढची फेरी नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी वायरलेस घेतला. "कंट्रोल, एक फेरी और."

"निगेटिव. गेट चार बजे. वापस नहीं जाना."

"दो जान पीछे हैं. गेट रोकिए."

"नहीं रुकेगा. रिपीट, वापस नहीं जाना."

मॅडमनी वायरलेस बांधावरच्या शिपायाकडे ठेवायला दिला. मी म्हणाले, "मैडम, मला माहीत होतं. मी लंगोट पाहिले होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गिनती मेरी थी, दीदी. सोनवानी, चलो."

मी न विचारता बोटीत बसले.

नातीला मी सांगितलं, "लिही, तो उतावळा नव्हता. त्याने विचारलं, पण मोजलं नाही. आणि चूक कळल्यावर ती कोणाची, हे शोधत बसला नाही. एवढाच त्याचा स्वभाव."

"आणि त्याचे शिपाई? त्यांना तर माहीत असेल ना, कोण राहिलं ते?"

"पुस्तकात आहे का काही?"

"नहीं."

"मग आपल्याकडून लिही. मले विचार."

शेवटी मी कवेलूंवरच्या त्या बाईला तिच्या बोलीत सांगितलं, बोटीत तुझा दीर नाही. तिने पोर सोडून माझ्या हातात दिलं. मग ती घसरत खाली आली आणि सोनवानीने तिला दंडाला धरून आत ओढलं. मॅडम अजून पाण्यात होत्या. भिंत त्यांच्यावर आली. दोर सुटला आणि बोट धारेला लागली. सोनवानीने बांबूने रेटून ती चिंचेच्या झाडात अडकवली. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथे होतो.

मॅडम दुसऱ्या दिवशी सापडल्या. आम्ही चौघं वाचलो. ती बाई, तिचं पोर, सोनवानी आणि मी.