वाफ सोडण्याआधीचा निरोप

टाकीत वाफ चढली होती, दोन ड्रम भरून झाकणं आवळली होती, आणि माझा फोन तिसऱ्यांदा वाजत होता. मी तो खिशातून काढला नाही. वाफ चढल्यावर फोन घ्यायचा नाही, हा माझा नियम. एकदा फोन कानाला लावून कॉक फिरवला होता. त्याचा डाग मनगटावर अजून आहे.

"दादा, वाजून राहिला की," रखमा म्हणाली. रखमा दहा वर्षं माझ्याकडं ड्रम भरते. तिचं तोंड तिच्या हातापेक्षा जोरात चालतं, पण बाई कामाची आहे.

"वाजू दे. थकला की गप बसंल."

आणि मी पहिल्या ड्रमचा कॉक खोलला.

माझा धंदा हळद शिजवायचा. ज्यांनी हळद फक्त डब्यातली पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीतून निघते ती हळद ओली असते, आल्यासारखी. ती वाफेवर शिजवायची, उन्हात वाळवायची, मग घासायची. तेव्हा कुठं तिला रंग येतो. शिजवायला लागतो कुकर. घरातला नाही, ट्रॅक्टरमागं ओढायचा गाडा. मधी पाण्याची टाकी, टाकीखाली जाळ, बाजूला ड्रम. टाकीतली वाफ पाइपातून ड्रममधी जाते आणि दर पाइपाला एक कॉक असतो. कॉक खोलला की काम सुरू, बंद केला की थांबलं. एवढंच शास्त्र. पण ते कधी थांबवायचं हे कळायला मला तीन हंगाम लागले. काठी खुपसली आणि ती लोण्यात गेल्यासारखी गेली तर झालं. वास बदलतो, तोही एक इशारा.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात फाल्गुनात जिकडं पाहावं तिकडं हळदीचे ढीग. कुकर मात्र सगळ्यांकडं नसतो. म्हणून नंबर लागतो. आज या शेतात, उद्या त्या शेतात. खणलेली हळद ढिगात जास्त दिवस राहिली तर आतून तापते आणि कुजते. वर्षाची मेहनत नंबरावर टांगलेली असते.

मी शाळा शिकलो तिसरीपर्यंत. नंबर कधी लिहून ठेवले नाहीत. टाकीच्या पत्र्यावर कोळशानं खुणा काढायचो. विहीर काढली म्हणजे विहिरीवाले नारायणराव. खांब काढला म्हणजे विजेच्या डीपीजवळचं शेत. खूण डावीकडं म्हणजे आधी, उजवीकडं म्हणजे नंतर. काम झालं की हातानं पुसायची. कैक वर्षं त्यात चूक झाली नाही. लोक हसायचे, पण बोलवायचे मलाच.

मग एका हंगामात अवकाळी सर आली आणि टाकी धुऊन गेली. मी म्हटलं, डोक्यात आहे सगळं. डोक्यात होतं, फक्त विहीर नव्हती. नारायणरावाचा ढीग पडून राहिला. मी पोचलो तेव्हा ढिगातून आपोआप वाफ निघत होती.

नारायणराव बांधावर बसले होते. उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "या गणपतराव. तुमची काही तकलीफ न्हाई. माही हळद बिनकुकरची शिजली."

ते बोलणं मी पचवलं, पण ते पुढच्या साली दुसऱ्याच्या कुकरकडं गेले, ते पचलं नाही.

माझी सून रेखा अंगणवाडीत मदतनीस आहे. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मामा, कोळशाचं काम आता पुरं. मी फोनवर ग्रुप काढते. ज्याला नंबर पायजे त्यानं तिथंच बोलून निरोप टाकायचा. वाचायचं काही कामच न्हाई, तुमी नुसतं ऐकायचं."

"कान आहेत मला," मी म्हणालो. म्हणजे हो म्हणालो.

पहिले पंधरा दिवस बराबर चाललं. शेतकरी बोलायचे, मी ऐकायचो. मग ग्रुपचा बाजार झाला. सकाळी उठल्याबरोबर फुलांचे फोटो. कोणाच्या नातवाचं बारसं. कोणाच्या गोऱ्ह्याचा व्हिडिओ, तो मला तीन जणांनी पाठवला. आणि मधूनमधून "गणपतराव, माझा नंबर कधी?" एकाला उत्तर दिलं की दुसरा रुसायचा. दुपारपर्यंत साठ-सत्तर निरोप. त्यातले कामाचे दोन. ते शोधायला मी चहाची वेळ घालवायचो, जेवायची वेळ घालवायचो. शेवटी वैतागून ग्रुपचा आवाज बंद केला आणि आठवणीवर कारभार सुरू केला. रेखाला सांगितलं नाही.

आता कमलबाईचं शेत. कमलबाई दीड एकरात हळद करते. एकटी. नवरा गेला, लेक पुण्याला. बाई मोजकं बोलते, पण काम काटेकोर. तिचा नंबर मी चुकू दिला नाही. ठरल्या दिवशी सकाळी कुकर तिच्या शेतात उभा. बाई मात्र नव्हती. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला घेऊन बाई हिंगोलीच्या दवाखान्यात गेली होती. मजुरांच्या चहापाण्याची सोय लावून गेली होती.

इथं अजून एक गोष्ट सांगावी लागेल. हळदीच्या झाडाखाली मधी जाड कंद असतो, तो गड्डा. त्याला फुटलेली बोटं म्हणजे हळकुंडं. दोन्ही शिजतात, पण वेगळी, कारण गड्ड्याला वेळ जास्त लागतो. आणि चांगले टणक गड्डे शिजवायचेच नसतात. ते पुढच्या साली लावायला ठेवायचे. त्याला बेणं म्हणतात. बेण्याला वाफ लागली की ते मेलं. मग ते मातीत पुरा नाहीतर भाजीत घाला, कोंब येणार नाही.

आम्ही आधी हळकुंडं शिजवली. मग राहिले गड्ड्यांचे दोन ढीग. एक लिंबाच्या झाडाखाली, दुसरा बांधाजवळ. दोन्हींवर हळदीचा पाला टाकलेला. दोन्हीकडं गड्डे सारखेच.

रखमानं विचारलं, "दादा, कोणता भरायचा?"

"बांधाजवळचा."

"बाईला एक फोन लावून पाहा की."

"काहून? बेणं सावलीत ठेवतात हे मला बाईनं शिकवायचं का? झाडाखालचं बेणं, उघड्यावरचं शिजवायचं. माझ्या बापाच्या काळापासून हेच हाय."

रखमा पुटपुटली, "बाप पण फोन घेत नव्हता वाटतं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोन ड्रम भरले. वाफ चढली. फोन वाजत राहिला. मी कॉक खोलला. इथपर्यंत तुम्हाला ठाऊक आहे.

चार-पाच मिनिटं झाली असतील. आता रखमाचा फोन वाजला. तिनं घेतला, ऐकला आणि ओरडली, "दादा, वाफ बंद करा! तुमची सून म्हणती बांधाजवळचं बेणं हाय!"

मी कॉक बंद केला. दुसऱ्या ड्रमचा कॉक खोलायचा होता, तो वाचला. पहिल्याचं झाकण उघडलं. वाफेचा लोट आला. फावड्यानं गड्डे खाली ओढले आणि पसरले. मी एक उचलून मोडला. मधी रंग गडद झाला होता, म्हणजे वाफ आत पोचली होती. दुसरा मोडला. तोही तसाच. सात-आठ मोडले, मग थांबलो. वरच्या थरातले थोडे वाचले असतील, पण बेण्यात "असतील" चालत नाही.

मी फोन काढला आणि रेखाला लावला.

"मामा, किती येळा लावला मी!"

"तुला कोणी सांगितलं?"

"कमलबाईनं. सकाळी साडेसातला ग्रुपवर बोलून टाकलंय त्यांनी. मी अंगणवाडीतून आत्ता सुटले, आत्ता ऐकलं. तुमी ऐकलं न्हाई का?"

मी हातातला मोडलेला गड्डा खाली टाकला.

"तुमी ग्रुपचा आवाज बंद केलाय का मामा?"

"व्हय."

तिनं फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग मी तो निरोप ऐकला. आधी एक गुलाबाचं फूल, मग एक गोऱ्हा, मग कमलबाई. "गणपतभाऊ, झाडाखालचे गड्डे शिजवा. गेल्या साली झाडाखाली वाळवी लागली म्हणून बेणं यंदा बांधाजवळ ठेवलंय, पाला जाड टाकलाय. त्याला हात लावू नका." तिच्या मागं दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. त्या गडबडीतही बाईनं आठवणीनं सांगितलं होतं. मीच ऐकलं नव्हतं.

कुकर तिथंच सोडून मी हिंगोलीला गेलो. हे फोनवर सांगायचं काम नव्हतं. कमलबाई दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसली होती. नात झाली होती. मी आधी नातीचं विचारलं, मग सांगितलं.

ती म्हणाली, "किती?"

"एक ड्रम. दुसरा वाचला."

"म्हंजे अर्धं बेणं."

"व्हय."

"मी सांगितलं होतं, भाऊ."

"सांगितलं होतं. माझ्या घरी पण हेच वाण हाय. माझ्या बेण्यातून तुमी निवडून घ्या. तुमच्या हातानं."

"तुमचं शेत?"

"माझं शेत मी बघतो."

चार दिवसांनी ती आमच्या खळ्यात आली. मला वाटलं, घमेल्यानं भरून नेईल. बाई मांडी घालून बसली आणि एकेक गड्डा हातात घेऊन पाहू लागली. दाबायची, नखानं टोकरायची, मग एक पोत्यात आणि दोन बाजूला.

"याला काय झालंय?" मी एक बाजूला पडलेला उचलून विचारलं. तो चांगला टणक होता.

"तुमाला कळत न्हाई भाऊ, राहू द्या. तुमी शिजवायचं बघा."

रेखा हसू लपवायला पदर तोंडाला लावून आत गेली. दुपारपर्यंत बाईनं माझं उत्तम उत्तम बेणं निवडून नेलं. त्या साली मी माझ्या अर्ध्या रानात हळदीऐवजी सोयाबीन पेरलं. हळदीच्या रानाशेजारी ते सोयाबीन रोज दिसायचं. बरं झालं, दिसायला पाहिजे होतं.

बाई बेणं घेऊन गेली त्याच संध्याकाळी रेखा फोन घेऊन समोर बसली. मला वाटलं आता भाषण होईल. ती म्हणाली, "चूक माझी पण हाय. समद्यांना बोलायला दिलं तर कामाचं दिसणार कसं? पण तुमी आवाज बंद करायच्या आधी मला सांगायचं."

मग आम्ही नवीन पद्धत बसवली. ग्रुप ठेवला, पण त्यात फक्त रेखाच टाकू शकते. ती रोज उद्याचा नंबर सांगते, बास. गोऱ्ह्याला तिथं जागा नाही. ज्याला काही सांगायचंय त्यानं रेखाला सांगायचं, आणि नंबराच्या आदल्या दिवशी ढिगांचा एक फोटो पाठवायचा. बेण्याच्या ढिगाभोवती रेखा फोनवरच लाल गोल काढते. तो फोटो मला अक्षर न वाचता कळतो. ती पहाटे अंगणवाडीला जायच्या आधी माझ्यासोबत बसते, चहा घेता घेता आम्ही त्या दिवसाचे निरोप ऐकतो. दिवसातून एकदाच. वाफ चढली की फोन रखमाकडं. माझा नियम मोडला नाही, फक्त फोनचा खिसा बदलला.

कोळसा मी सोडला नाही. खुणा अजून टाकीवर काढतो. संध्याकाळी रेखा त्याचा फोटो काढून ठेवते. आता पाऊस आला तर येऊ दे.

एका पोरानं मला सांगितलं होतं, शिजायची वेळ फोनवर लावा, घंटी वाजली की कॉक बंद. मी नाही म्हटलं. हळद शिजली का हे काठी सांगते, घंटी नाही. एका रानातली ओल दुसऱ्या रानात नसते. कोणतं काम फोनला द्यायचं आणि कोणतं हातात ठेवायचं, एवढं तरी या वयात मला ठरवू द्या.

पुढच्या फाल्गुनात कमलबाईचा नंबर आला. तिनं फोटो पाठवला, त्यात लाल गोल कुठंच नव्हता, म्हणजे सगळं शिजवायचं. तरी सकाळी तिचा निरोप आला. "भाऊ, यंदा बेणं घरात ठेवलंय. रानात आहे ते समदं शिजवा. ऐकलं का?"

मी रेखाला म्हटलं, बटण दाब. आणि पहिल्यांदा स्वतः बोललो. "ऐकलं. दोनदा ऐकलं."

नवीन माणसं मला विचारतात, कुकरच्या धंद्यात काय सांभाळायचं. पाणी, जाळ आणि प्रेशर तर सांभाळायचंच. पण ज्या ढिगावर दुसऱ्याचं पुढचं साल ठेवलेलं आहे, त्याच्याबद्दलचा निरोप ऐकल्याशिवाय कॉकला हात लावायचा नाही. तुमच्या बापाचा नियम काहीही असो.