दोन गोळ्यांचा फरक

माझा स्वभाव संशयी, ते मी नाकारत नाही. तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. काट्यावर हळूच पाय ठेवून वजन वाढवणारे, उसाखाली ओली माती दडवणारे, सगळे नमुने बघितले. त्यामुळं हार्ट ॲटॅकनंतर छातीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवून बारामतीहून घरी आलो आणि गावच्या दवाखान्यातली सिस्टर दर शनिवारी फोन करायला लागली, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला, हिला यातून काय मिळतं?

"आबा, रक्त पातळ करायची गोळी रोज घेता ना? डब्यात किती उरल्यात?"

फुकटात कोण कुणाची एवढी विचारपूस करतं? पोटची पोरगी महिन्यातनं एकदा फोन करते. मेडिकलवाल्याशी हिचं साटंलोटं असणार, असं मी धरूनच चाललो. गोळी मात्र रोज घ्यायचो. "ही चुकली तर स्प्रिंग बंद पडेल, मग दुसरा ॲटॅक," असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मरणाचं भ्या कुणाला न्हाय?

एका शनिवारी त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आणि तिचा फोन यायच्या आधी मी डबा पालथा केला. नऊ गोळ्या हव्या होत्या, सात भरल्या. पुन्हा मोजल्या, सातच. झालं, माझं डोकं फिरलं! बुधवारी सिस्टर स्वतः रक्तदाब बघायला आली होती, डबा तिच्याच हातात होता. बायकोला म्हणालो, "बघ, गोड बोलणारी माणसं अशी असत्यात." ती भाकरी थापतच राहिली.

फोन आला. सात म्हणालो असतो तर म्हातारा दोन-दोन गोळ्या खातो असं ठरलं असतं. मी ठोकून दिलं, "नऊ." आता येत्या बुधवारी ती पुन्हा रक्तदाब बघायला येईल तेव्हा डबा जुळायला हवा, म्हणून मी दोन दिवस गोळीच घेतली नाही. एका खेपेतला फरक दुसऱ्या खेपेत मिटवायची काट्यावरची जुनी खोड. डब्यात बरोबर पाच उरतील, याचंच मला समाधान.

बुधवारी सिस्टर आली. मीच डबा ताटात ओतला. चार!

आता आली का पंचाईत! ती तर नुकतीच दारातनं आत आली होती, तिच्यावर आळ घ्यायची सोय राहिली नाही. मी रागारागानं सगळं ओकून टाकलं, दोन दिवस गोळी चुकवल्याचंसुद्धा. सिस्टरनं आधी मला तिच्यासमोर त्या दिवशीची गोळी गिळायला लावली. "मला शंभरदा चोर म्हणा आबा, पण गोळी चुकवू नका."

एवढ्यात बायकोनं चहा आणला. सिस्टर तिच्या हाताकडं बघत राहिली. बांगड्यांच्या वर निळे डाग होते.

"आज्जी, हे काय?"

"बांगडी लागली आसंल."

सिस्टरनं माझा हात ओढून बायकोच्या हाताशेजारी धरला. माझ्या हातावरही तसेच डाग. ते त्या गोळीनं पडतात, हे सिस्टरनंच मला सांगितलं होतं.

"आज्जी, तुम्हीपण घेता ही गोळी?"

बायको खाली बसली. "वैरणीचा भारा उचलला की छातीत दाटून येतं. ह्यांना ह्या गोळीनं बरं वाटलं, म्हणलं आपणबी घ्यावी. रोज न्हाय घेत, लई दुखलं तरच."

"कधीपासनं दुखतंय?" मी ओरडलोच.

"दिवाळीपास्नं."

दिवाळी म्हणजे माझ्या ॲटॅकच्याही आधी!

"आगं, मग सांगायचं की मला!"

"सांगणार हुते. तेवढ्यात तुमचंच दुखणं निघालं. समदं घरदार तुमच्यामागं धावलं, त्यात माझं कुठं काढू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिस्टर म्हणाली, उद्यावर टाकू नका. तिच्याच ओळखीनं त्याच दुपारी बारामतीला नंबर लागला.

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, दोनदा बघितली. म्हणाले, "यांना एक ॲटॅक येऊन गेलाय. घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

विचारताना ते माझ्याकडं बघत होते.