पगारे सरांची नॉर्मल माणसं

बोहारणीसाठी काढलेल्या कपड्यांचं कसं होतं माहितीय? गठ्ठा देऊन टाकू म्हणता म्हणता त्यात आणखी एक साडी पडते, आणि गठ्ठा काही घराबाहेर जात नाही. लॅबच्या किश्श्यांचं माझं तसंच झालंय. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण संध्याकाळी बागेत आम्ही चौघी बसलो की माझी गाडी लॅबवरच येते. परवा लता म्हणालीच, "अगं शैला, कॅन्सरच्या लॅबमध्ये कसले आलेत गं किस्से?" म्हटलं, बाई गं, जिथे रोज रडू असतं ना, तिथे हसल्याशिवाय दिवस ढकलता येत नाही!

तर आमची लॅब. सत्तरचं दशक संपत आलेलं. नाशकात एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि माणसं तीन: पगारे सर, मी टेक्निशियन आणि शिपाई शिंदेमामा. सर सायखेड्याचे, मुंबईला शिकून मुद्दाम इकडे परत आलेले. रक्ताचे कॅन्सर आणि गाठींचे कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया आणि लिम्फोमा, यातले काही विषाणूमुळे होतात का, हा त्यांचा ध्यास. जेवताना विषाणू, चहाला विषाणू! सरांच्या मिसेस कमलवहिनी शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणायच्या, "सवत असती तर निदान दिसली तरी असती!"

*

एकदा सरांच्याच गावाकडची एक बाई पोराला घेऊन आली. पोराच्या जबड्याला ही एवढी गाठ. सरांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि समजावलं, की काही गाठी विषाणूमुळे होत असाव्यात, म्हणून याचं रक्त तपासायचंय.

"म्हंजी किडा का?" बाईनं विचारलं.

"किड्यापेक्षा कितीतरी लहान. डोळ्यांना दिसत नाही."

"मंग तुमी त्याला पाह्यला हाय का?"

"याच्या गाठीत नाही अजून. तेच तर शोधतोय!"

बाईनं पोराच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सापडला का मला हाक मारा, साहेब. मला त्याला लय इचारायचं हाय."

पोरगं दिवाळी बघू शकलं नाही. सर मात्र कोणाला विषाणू समजावून सांगताना त्यानंतर एकदाही हसले नाहीत.

*

आता, रोग्याचं रक्त तपासून भागत नाही. शेजारी निरोग्याचंही ठेवावं लागतं, तेव्हा कळतं फरक काय ते. अशा धडधाकट माणसाला आमच्या लॅबमध्ये म्हणायचे 'नॉर्मल'. आणि नाशकात आजारी माणसं रांगेनं मिळायची हो, नॉर्मल कोणी मिळेना! सर शिंदेमामांना घेऊन हायवेवरच्या द्वारका चौकात ट्रकवाल्यांपुढे उभे राहायचे. "तब्येत ठणठणीत आहे ना तुमची? मग थोडं रक्त द्या!"

एक ड्रायव्हर गाडीतून उतरलासुद्धा नाही. वरूनच म्हणाला, "साहेब, धडधाकट माणसाचं रक्त काढता, आणि वर डॉक्टर म्हणवता?"

शेवटी आम्हीच एकमेकांचं काढायला लागलो. मी, मामा, मामांची सासू, आणि दर खेपेला हटकून कमलवहिनी. सगळ्यांना पुरतील एवढे पोहे घेऊन यायच्या, बाही वर करायच्या आणि म्हणायच्या, "घ्या! संसारात नवऱ्याच्या उपयोगी पडायचा एवढा एकच मार्ग उरलाय."

*

लाइट गेले की आमचा फ्रीज गार. म्हणजे गरम! मग रक्ताच्या नळ्या थर्मासमध्ये भरून मामा सायकलवरून सरांच्या घरी पोहोचवायचे. वहिनी दार उघडतानाच ओरडायच्या, "माझ्या फ्रीजमध्ये माझं लोणचं बसत नाही आणि यांचे पेशंट बसतात!" पण लोणच्याची बरणी मुकाट बाहेर निघायची.

*

हा पुढचा किस्सा मी बागेत सांगत नाही. आज सांगते.

सरांचा एक कडक नियम होता. काचेवर, म्हणजे स्लाइडवर, मी फक्त नंबर कोरायचा. रक्त कोणाचं, पेशंटचं की नॉर्मलचं, ते मला ठाऊक. सरांना कळता कामा नये. "नाव कळलं की डोळे खोटं बोलतात," असं म्हणायचे.

त्या दिवशी सर मायक्रोस्कोपवर वाकले आणि एकदम "वा!" म्हणून ओरडले. "शैलाबाई, या, बघा! काय सुंदर स्लाइड आहे! पांढऱ्या पेशींच्या सगळ्या पिढ्या एका काचेवर. आजोबा, बाप, पोरं, नातवंडं! क्रॉनिक ल्युकेमिया म्हणजे काय ते मुलांना शिकवावं तर या स्लाइडवरून. बोलवून घ्या पेशंटला."

मी नंबर बघितला. वही काढून पुन्हा पडताळला.

"पेशंट नाही, सर. नॉर्मल आहे."

"नॉर्मल कसली? कोणाची आहे?"

मी वही मिटली. सरांनी पुन्हा विचारलं तेव्हा कशीबशी म्हणाले, "वहिनींची."

सरांनी पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग काच काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "काचेवरचा रंग बिघडलाय तुमचा. परत करा."

मी परत केली. त्यांनी सांगितलं म्हणून आणखी एकदा केली. रंगाला काय धाड भरली होती?

*

तेव्हा अशी रीतच होती, की रोग्याला रोगाचं नाव सांगायचं नाही. लोक दारातच सरांचे पाय धरायचे, "साहेब, त्यांना सांगू नका." सर त्यांच्यावर चिडायचे, म्हणायचे, "शरीर त्यांचं आहे, हक्क त्यांचा आहे!" आणि स्वतःच्या घरात काय केलं? मुंबईहून आणलेल्या गोळ्या टॉनिकच्या बाटलीत भरल्या आणि बायकोला सांगितलं, "रक्तवाढीच्या आहेत." वर मला बजावलं, "तिला सांगू नका."

वहिनींनी मला एके दिवशी शाळा सुटल्यावर गाठलं. म्हणाल्या, "शैला, त्या गोळ्या कशाच्या आहेत ते मला ठाऊक आहे."

मी पिशवीतली भाजी सारखी करायला लागले.

"अगं, लग्न झाल्यापासून भाजीबरोबर ल्युकेमिया वाढून घेतलाय मी! प्लीहा कुठे असते, कशानं वाढते, सगळं पाठ आहे. माझ्या डाव्या बरगडीखाली काय सुजलंय ते मला कळणार नाही?"

मग माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "पण त्यांना सांगू नकोस हं, मला कळलंय म्हणून. त्यांना सोसायचं नाही."

झालं! इकडून ते "सांगू नका", तिकडून ह्या "सांगू नकोस". मधल्या मध्ये माझी जीभ गहाण. घरी जाऊन भाकरी थापताना रडायचे मी. नवऱ्यानं विचारलं की म्हणायचे, चुलीचा धूर. आमच्याकडे गॅस होता!

*

गोळ्यांनी काही वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू? वहिनी शाळेत जायच्या, गॅदरिंग बसवायच्या, ढिगानं पापड लाटायच्या. सरांनी त्यांच्या रक्तात विषाणू शोधायचा सपाटा लावला. पुण्याला नमुने पाठवले, मुंबईला पाठवले. काही म्हणजे काही सापडलं नाही. शेवटचं उत्तर आलं तेव्हा शिंदेमामा चहा घेऊन आत गेले. सर म्हणाले, "मामा, काहीतरी सापडलं असतं तर भांडायला तरी कोणी मिळालं असतं."

मामा अंबडला त्यांच्या वस्तीवर जाऊन मारुतीला नारळ बोलून आले. येऊन मला म्हणाले, "बाई, साहेबांना सांगू नका. त्यांचा विश्वास नाय." म्हणजे आणखी एक "सांगू नका" माझ्याच पदरात!

*

वहिनी वारल्या त्या ऐन उन्हाळ्यात. त्याच्या थोडे दिवस आधीची ही गोष्ट.

आजार उलटला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले होते आणि गोळ्याही बंद केल्या होत्या. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण सरांना राहवायचं नाही. रोज सकाळी मी घरी जाऊन वहिनींच्या बोटाला सुई टोचायची, काच करायची, लॅबमध्ये नेऊन रंगवायची आणि सरांनी बघायची. काच रोज आदल्या दिवसापेक्षा वाईट. बघून झालं की सर खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

एका सकाळी मी सुई काढली तर वहिनींनी बोट मागे घेतलं.

"शैला, हे माणूस जेवत नाही गं. ताटावर बसतात, भाकरी कुस्करतात आणि उठतात. आज माझं नको. तुझं रक्त लाव काचेवर आणि ठेव त्यांच्यापुढे."

"वहिनी, काहीतरीच काय!"

"त्यानं माझं काही बिघडणार आहे का आता? नाही ना? मग एक दिवस तरी पोटात अन्न जाऊ दे त्यांच्या."

सुई त्यांनीच माझ्या हातातून घेतली. शिक्षिकाच ती, माझं बोट घट्ट धरून टोचलंच!

दुपारी काच सरांपुढे ठेवली. सर बघत राहिले, बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आज सुधारणा आहे. चांगली सुधारणा आहे." टोपी घेऊन लगेच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर वहिनींचा चेहरा फुललेला. "दोन भाकऱ्या खाल्ल्या! वर दही मागून घेतलं! मला म्हणाले, कमल, रक्त सुधारतंय तुझं. फसले गं बाई, फसले!" आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मी पाठ चोळली, पाणी दिलं आणि लॅबला आले.

सर माझ्या आधीच येऊन बसले होते. टेबलावर कागदाची मोठी पुडी होती. मला बघितल्यावर त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. आत गूळ आणि शेंगदाणे.

"शैलाबाई," सर म्हणाले, "तुमच्या लाल पेशी फार फिक्या पडल्यात. रोज मूठभर खात जा."