लिटरला वीस

धक्क्यावर तिला सगळे मापवाली म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. बोटीची मोटर दुरुस्त करून दिली की ती मोटरच्या दांड्याला एक छोटी बाटली बांधायची. बाटलीवर खिळ्यानं ओढलेली रेघ. एक लिटर पेट्रोलला रेघेपर्यंत ऑइल, म्हणजे वीस मिली. ना थेंब कमी, ना थेंब जास्त. आणि लोक काय करायचे? बाटली घरी नेऊन तिच्यात शिवणयंत्राचं तेल भरायचे!

"जास्त ऑइलनं प्लग काळा होतो, कमी ऑइलनं पिस्टन चिकटतो. एवढंही डोक्यात शिरत नसेल तर वल्ही मारा ना!" ती तोंडावर सुनवायची. मोटरसायकलचं ऑइल ओतणाऱ्या एका शहाण्याला तर तिनं दारातूनच परत पाठवलं होतं.

त्या दिवशी सकाळी थोरला बोटवाला खांद्यावर मोटर घेऊन आला. धक्क्यावरच्या बाकी अकरा बोटी याच्या शब्दाबाहेर नाहीत.

"तुझ्या दुरुस्तीला आठवडा नाही झाला, आणि भर पाण्यात बंद! चौदा माणसं होती बोटीत. आता आमच्या सगळ्या मोटरी पलीकडच्या गॅरेजात जाणार, सांगून ठेवतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटली जागेवरच होती, पण कोरडी ठणठणीत. तिनं तिथल्या तिथं मोटर खोलली. पिस्टनवर उभे चरे.

"बघा, काका, डोळे उघडून बघा! ऑइल निम्मंसुद्धा नव्हतं. आणि नाव माझ्या दुरुस्तीचं?"

"मी कशाला मिसळू? मिसळलेल्या पेट्रोलचा तयार कॅन तुझ्याच दुकानातून नेतो. तुझे बाबा भरून देतात."

बाबा कोपऱ्यात ऑइलच्या पिंपाशेजारी स्टुलावर बसले होते. तिला पाना धरायला शिकवलं ते यांनीच. चाळीस वर्षं ते ऑइल नुसत्या रंगावरून मिसळायचे. पेट्रोल फिकट निळं झालं की हात थांबला. पण महिन्यापूर्वी आलेलं ऑइल गडद होतं. निम्म्यातच रंग यायचा.

तिनं एका बरणीत मापानं लिटरभर मिसळलं, दुसरीत बाबांच्या कॅनमधलं ओतलं. एक गडद निळी, एक फिकट.

"रंग तोच आहे की नेहमीचा," बाबा म्हणाले.

"रंग तोच आहे, बाबा. ऑइल बदललंय."

तिला संताप आवरेना, आणि काढायचा कुणावर? अख्ख्या धक्क्याला शिकवत सुटलेली ही बाई. घरातल्या माणसाला बाटली द्यायची मात्र हिंमत झाली नव्हती.

"काका, चूक आमची," ती म्हणाली. "पिस्टन मी बदलून देते. आणि महिन्याभरात इथून नेलेला कॅन कुणीही वापरू नका. सगळ्यांना सांगा."

"सगळ्यांना? अगं, मग तुझ्याकडे येईल कोण?"

"सगळ्यांना सांगा म्हटलं ना!"

तो गेला. तिनं दांड्याची बाटली सोडली आणि बाबांच्या हातात कोंबली.

"यापुढं याच मापानं. रेघेपर्यंत."

बाबांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मग अंगठ्यानं चाचपली.

"मला रेघ दिसत नाही गं. दोन वर्षं झाली. रंग तेवढा कळतो."

"दोन वर्षं! आणि हे आज सांगताय?" ती ओरडलीच.

"सगळ्या धक्क्याला विचारतेस, मोजलं का म्हणून," बाबा म्हणाले. "मला कधी विचारलंस?"