घोड्याच्या घरातले प्यादे

इंदूमावशी मारलेला मोहरा कधी उभा ठेवत नसत. प्यादे असो वा वजीर, पटाबाहेर काढला की त्या त्याला टेबलावर अलगद आडवा करीत. रोह्याच्या वाचनालयात मी त्यांना प्रथम पाहिले ते हेच करताना. बँकेतून निवृत्त होऊन मी नुकताच रोह्याला लागून असलेल्या वरसे येथे राहायला आलो होतो. आपणहून ओळख करून घेणे मला आयुष्यात कधी साधले नाही, तरीही त्या दिवशी तोंडून प्रश्न निघून गेला, "हे आडवे का ठेवता?"

"मेलेल्याला उभा कोण ठेवतो, भाऊ?" पटावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "आणि बसा की. असे उभे राहिलात तर मला वाटतं, डबा मागायला आलात."

डब्याचा उल्लेख उगाच नव्हता. गावाजवळच्या कंपनीतल्या तिन्ही शिफ्टच्या माणसांना जेवू घालणारी खानावळ त्यांनी अनेक वर्षे चालवली होती. आता ती बंद होती, पण आवाज खानावळीचाच राहिला होता. मी बसलो. साठी उलटल्यावर माझे बुद्धिबळाचे शिक्षण असे सुरू झाले.

मावशींचे माहेर पेण तालुक्यातल्या आतल्या एका गावात, भाताचे आणि वालाचे. त्यांचे वडील हंगामात पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कामाला जात आणि उरलेल्या शाडूतून त्यांनी बुद्धिबळाचा संच घडवला होता. "हत्ती काय देखणे होते सांगू! सोंडेवर हात बसलेला ना बाबांचा. घोडे मात्र गाढवासारखे." वालाच्या राखणीला बसले की बाप-लेक त्या संचाने खेळत.

तो खेळ जुन्या देशी नियमांचा होता. प्यादे पहिल्या खेळीतसुद्धा एकच घर पुढे जाई. शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे ज्याच्या घरात पोचले असेल, तोच मोहरा होई: हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. असा घोडा झाला, तर त्याला तिथल्या तिथे एक उडी जादा मिळे. आजच्या खेळात शेवटी पोचलेले प्यादे हवे ते होऊ शकते आणि जवळजवळ प्रत्येक जण वजीरच मागतो. मावशींना हे पटत नसे. "जो येईल तो वजीर? मग राज्यात कामं कोण करणार?"

नवे नियम त्यांना ठाऊक होते. त्यांच्या हाताला ठाऊक नव्हते. घोडा झाला की हात त्याला पुढची उडी मारायला लावून मोकळा होई, टेबलाभोवतीचे आम्ही सगळे ओरडत असू, आणि "अगो बाई, व्हय की," म्हणत त्या घोडा मागे घेत.

एके दिवशी वाचनालयाचे चिटणीस नाना टेबलापाशी आले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. कोपरा रिकामा करून तिथे विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची बाके टाकायची, असे समितीत ठरत होते.

"आमचं टेबल काय खातं का तुमचं?" मावशींनी विचारले.

"खात नाय, पण जागा खातं, मावशी. पोरांना बसायला नाय आणि तुम्ही इथे दंगा करता." मग त्यांनाच ओशाळल्यासारखे झाले असावे. "असं करा. रविवारी तालुक्याची स्पर्धा हाय. तुमच्यातल्या कुणीही एक फेरी जिंकून दाखवा. समितीला सांगायला मला काहीतरी मिळेल. नायतर सोमवारी टेबल उचलतो."

दिवसभरात माझ्याशी कोणी चार वाक्ये बोलत असेल, तर ते त्या टेबलापाशीच. तरीही नाव देण्यासाठी माझा हात वर झाला नाही. इतरांनाही रविवारी नेमकी कामे निघाली.

"माझं घाला," मावशी म्हणाल्या. "आणि भाऊ, तुमी माझ्या मागं बसा. बोलायचं काय नाय, बसायचं. ते तुमाला जमतं."

स्पर्धा बाद पद्धतीची होती. एक डाव हरला की घरचा रस्ता. चिठ्ठ्यांत मावशींच्या वाट्याला आदल्या वर्षीचा विजेता आला. समीर नावाचा, कंपनीत अभियंता असलेला तो तरुण अत्यंत शालीन होता. मागच्या रांगेत कोणीतरी हसले. पंचांनी डाव सुरू होण्याआधी बजावले, "नियमबाह्य खेळी केली की डाव गेला. समज मिळणार नाही." मला मावशींचा हात ठाऊक होता.

त्यांनी आपल्या सवयीने प्यादी एकेक घर सरकवायला सुरुवात केली. समीर प्रथम भराभर खेळला, मग विचार करू लागला. असला रेंगाळणारा डाव त्याच्या तयारीत बसत नसावा. मावशी मात्र घड्याळाची कळ दाबायला विसरत आणि तोच त्यांना आठवण करून देई.

"काकू, घड्याळ."

"दाबते रे. कुकर हाय का तो, करपायला?"

हळूहळू तरीही त्याची सरशी झाली. मावशींचा राजा कोपऱ्यात कोंडला गेला आणि पुढच्याच खेळीत मात होती, हे मलाही दिसत होते. त्यांच्याकडे उरले होते एक धावते प्यादे. ते त्यांनी शेवटच्या ओळीत नेले, घोड्याच्या घरात. समीरने पूर्वी मारलेला त्यांचा वजीर सौजन्याने त्यांच्या हाताशी सरकवला.

"तो नको रे. घोडा दे."

सभागृहात हशा पिकला. वजीर सोडून घोडा कोण मागतो? मावशींनी घोडा घरात ठेवला, आणि समीरच्या चेहऱ्यावरचे हसू पुसले गेले. घोड्याचा थेट राजाला शह बसला होता आणि त्याच दमात समीरच्या वजिरावर मारा. वजीर केला असता तर शह बसला नसता, आणि समीरने मात करून डाव संपवला असता.

पण मी पटाकडे पाहतच नव्हतो. मी पाहत होतो मावशींचा हात. तो घोड्यावरून पुरता हटला नव्हता. बोटे पुन्हा त्याच्याकडे वळली. ती जुनी, जादा उडी आता घेतली की सारे संपणार होते. बोटे घोड्याच्या कानाजवळ क्षणभर थबकली. मग हात उचलला गेला आणि पहिल्यांदाच कोणी न सांगता त्यांनी घड्याळाची कळ दाबली.

समीरने राजा हलवला, वजीर गमावला आणि थोड्या वेळाने हार मानून हात पुढे केला. "काकू, हे आधीच पाहिलं होतंत?"

"घोड्याच्या घरात पोचलं, ते घोडाच होणार ना?" मावशी त्याचा वजीर आडवा करत म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीत एका शाळकरी मुलीने त्यांना चटकन हरवले. "टेबल राहिलं ना? मग चला, मला भूक लागलीय," मावशी उठत म्हणाल्या. नानांनी शब्द पाळला, बाके दुसऱ्या भिंतीला लागली.

माझे कुतूहल मात्र शमेना. घरी पट मांडून मी ती स्थिती पुनःपुन्हा पाहिली. सवयीनेच घोडा मागितला असेल, तर सवयीचीच उडी हाताने का रोखली? आणि सारे हिशेबाने केले असेल, तर बोटे पुन्हा घोड्याकडे गेलीच का?

पुढे गुडघ्यांनी हात टेकल्यावर लेकीने त्यांना पेणला आपल्याकडे नेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर होत्या. फार दिवस मनात घोळवलेला प्रश्न मी अखेर विचारला.

त्यांनी उलट मलाच विचारले, "माझ्या जागी तुमी असतात, तर काय केलं असतंत?"

"वजीर."

"का?"

सगळे करतात म्हणून, हे सांगायला संकोच वाटला.

"बघा," त्या म्हणाल्या आणि लेकीला हाक मारली, "गो, भाऊंना ताक दे."

ती शेवटची भेट ठरली. पावसाळा सरता सरता त्या गेल्या.

टेबल अजून आहे. नवखे कोणी आले की मारलेले मोहरे आडवे का, असे विचारतात, आणि उत्तर देण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे. बोलायला मला पूर्वीइतके जड जात नाही. खेळताना माझे प्यादे क्वचित शेवटच्या ओळीत पोचते. मी बहुधा वजीरच करतो. पण तो उचलण्याआधी माझा हात पटावर थांबतो, इतका वेळ की समोरचा विचारतो, "काय झालं, भाऊ?"

"काही नाही," मी म्हणतो. "बघतोय, कुणाच्या घरात पोचलंय ते."